परदेशी शेअर विकले, आता कर किती?

वाचकांचे प्रश्न, करसल्लागारांची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अमेरिकी शेअरांबद्दल होते: कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेले आरएसयू (ठरलेल्या मुदतीनंतर नावावर होणारे शेअर), ईएसपीपी म्हणजे कर्मचारी खरेदी योजनेतून सवलतीत घेतलेले आणि ॲपवरून स्वतः विकत घेतलेले. उत्तरांतले दर आर्थिक वर्ष २०२५-२६ मधल्या विक्रीचे, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ च्या विवरणपत्रासाठीचे आहेत. उदाहरणांतले शेअरचे भाव आणि डॉलरचे दर हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमचे आकडे तुमच्या कागदांवरून घ्या.

प्रश्न : १५ मे २०२३ रोजी माझे १०० आरएसयू व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष माझ्या मालकीचे झाले. ३५ शेअर त्याच दिवशी करासाठी विकले गेले, ६५ खात्यात आले. ते मी १० सप्टेंबर २०२५ रोजी २०० डॉलरने विकले. पगारातून कर कापला गेला होता, मग आता पुन्हा कर कशावर? आणि तो कसा काढायचा? (हिंजवडी, पुणे)

पगारात जो कर कापला गेला तो शेअर मिळाल्याचा. व्हेस्टच्या दिवशी शेअरची जी किंमत होती ती तुमच्या पगारात 'पर्क्विझिट' (पगाराबरोबर मिळालेला लाभ) म्हणून मिळवली गेली. त्यानंतर भाव जेवढा वाढला तेवढाच आता भांडवली नफा. म्हणून व्हेस्टच्या दिवशीची ती किंमत हीच तुमची खरेदी किंमत, शून्य नव्हे. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४९(२एए) मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. मुदतही त्याच दिवसापासून मोजायची. ग्रँटचे, म्हणजे शेअर देऊ केल्याचे पत्र २०२१ चे असले तरी त्याचा इथे उपयोग नाही.

परदेशी बाजारात नोंदलेला शेअर भारतात नोंदलेला धरला जात नाही, त्यावर एसटीटीही (शेअर व्यवहार कर) भरलेला नसतो. म्हणून तो दीर्घकालीन होण्यासाठी २४ महिन्यांहून जास्त काळ हातात असावा लागतो. भारतीय शेअरांना १२ महिने पुरतात, अमेरिकेच्या करातही एक वर्षाचीच सीमा आहे. त्यामुळे ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये 'लाँग टर्म' छापलेले पाहून फसू नका. तुमचे शेअर जवळपास २८ महिने तुमच्याकडे होते, म्हणजे आपल्याकडेही दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. सव्वा लाखाची सूटही नाही, ती कलम ११२ए खालच्या, म्हणजे एसटीटी भरलेल्या भारतीय शेअर वगैरेंच्या नफ्याला आहे.

आता हिशेब. व्हेस्टच्या दिवशी भाव १२० डॉलर आणि कंपनीने धरलेला दर ८२ रुपये, असे समजू. एका शेअरची किंमत ९,८४० रुपये, ६५ शेअरची ६,३९,६०० रुपये. हा आकडा स्वतः गुणाकार करून काढू नका. पगारपत्रक, फॉर्म १२बीए किंवा कंपनीच्या व्हेस्टिंग तक्त्यात जो आहे तोच घ्या. कंपनीने एक दर धरून पर्क्विझिट दाखवले आणि तुम्ही दुसऱ्या दराने खरेदी किंमत लावली, तर मधली रक्कम दोनदा करात येईल किंवा एकदाही येणार नाही.

विक्री : ६५ × २०० = १३,००० डॉलर. ब्रोकरचे शुल्क १० डॉलर वजा करून १२,९९०. रुपयांत बदलताना विक्रीच्या दिवसाचा दर लागत नाही. नियम ११५ नुसार ज्या महिन्यात विक्री झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट (बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो) घ्यायचा. विक्री १ सप्टेंबरला असो की ३० सप्टेंबरला, दर ३१ ऑगस्टचाच. ३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार होता. अशा वेळी त्याआधी शेवटचा जाहीर झालेला दर घेण्याचा प्रघात आहे. तो ८७.५० समजू.

१२,९९० × ८७.५० = ११,३६,६२५ रुपये. त्यातून ६,३९,६०० गेले, नफा ४,९७,०२५ रुपये. १२.५ टक्क्यांनी कर ६२,१२८ आणि ४ टक्के उपकर धरून सुमारे ६४,६१३ रुपये. एकूण उत्पन्न ५० लाखांवर असेल तर अधिभारही लागतो. या नफ्यावर तो १५ टक्क्यांच्या वर जात नाही.

करासाठी विकलेल्या त्या ३५ शेअरांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ते आधी तुमच्या नावावर आले आणि मग बाजारात विकले गेले असतील, तर तीही तुमचीच विक्री. नफा-तोटा अगदी किरकोळ असतो, पण ती २०२३-२४ च्या विवरणपत्रात दिसायला हवी होती. कंपनीने ते शेअर दिलेच नाहीत, परस्पर कापून ६५ च दिले, असे असेल तर विक्रीची नोंद येत नाही. दोन्हींतले काय झाले ते व्हेस्टिंगच्या कागदावर लिहिलेले असते.

टीटी बायिंग रेटबद्दल एक सांगणे. गुगलवर दिसणारा किंवा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर इथे चालत नाही. स्टेट बँक रोज दरपत्रक काढते, पण जुनी पत्रके नंतर शोधताना दमछाक होते. दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ती पीडीएफ उतरवून ठेवा.

प्रश्न : कंपनीच्या ईएसपीपीमध्ये १५ टक्के सवलतीने २०० शेअर घेतले. बाजारभाव ५० डॉलर होता, माझ्याकडून ४२.५० घेतले. चौदा महिन्यांनी विकले. ब्रोकर खरेदी किंमत ४२.५० दाखवतो. तीच लावू का? (नागपूर)

नको. ४२.५० लावलेत तर जादा कर भराल. सवलतीचे साडेसात डॉलर तुमच्या पगारात आधीच मिळवलेले आहेत. खात्री करायची तर खरेदीच्या महिन्याचे पगारपत्रक काढा, पर्क्विझिटच्या ओळीत ती रक्कम सापडेल. त्यामुळे तुमची खरेदी किंमत ५० डॉलर, म्हणजे पर्क्विझिट काढताना कंपनीने धरलेला पूर्ण बाजारभाव.

दर ८४ रुपये धरला तर योग्य खरेदी किंमत २०० × ४,२०० = ८,४०,००० रुपये, आणि ब्रोकरच्या आकड्यावरून ७,१४,००० रुपये. फरक १,२६,००० रुपयांचा. शेअर २४ महिने पुरे व्हायच्या आत विकले, म्हणजे नफा अल्पकालीन, तुमच्या नेहमीच्या स्लॅबने करपात्र. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३९,३१२ रुपये विनाकारण भरले जातात.

काही योजनांत सहा महिन्यांच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन भाव पाहून जो कमी त्यावर सवलत देतात. तिथे खरी सवलत १५ टक्क्यांहून बरीच मोठी असू शकते. तरीही खरेदी किंमत तीच : प्रत्यक्ष खरेदीच्या दिवशीचा बाजारभाव, जो पर्क्विझिटसाठी धरला गेला.

प्रश्न : २०२१ मध्ये १५० डॉलरला घेतलेला शेअर मी गेल्या वर्षी १४० ला विकला. मला दहा डॉलर तोटा झाला. सीए म्हणतात नफा झाला आहे, कर भरा. हे कसे? (कोल्हापूर)

तुमच्या सीएंची पद्धत बरोबर आहे असेच आमचे मत आहे, पण या मुद्द्यावर दोन मते आहेत हे आधी सांगायला हवे.

पहिली पद्धत : खरेदी खरेदीच्या वेळच्या दराने रुपयांत, विक्री नियम ११५ च्या दराने रुपयांत, मग वजाबाकी. २०२१ मध्ये डॉलर ७४ ला पडला असेल तर खरेदी ११,१०० रुपये. ८७ च्या दराने विक्री १२,१८० रुपये. एका शेअरमागे नफा १,०८० रुपये. शेअर पडला, पण रुपया त्याहून जास्त पडला, आणि तुमच्या हाती खरोखरच जास्त रुपये आले.

दुसरी पद्धत : आधी डॉलरमध्ये नफा-तोटा काढायचा आणि मग तो एकच आकडा नियम ११५ च्या दराने रुपयांत बदलायचा. नियमाचे शब्द परकीय चलनातले 'उत्पन्न' बदलण्याबद्दल आहेत, खरेदी किमतीबद्दल नियम काही बोलत नाही. त्यावरून हा अर्थ काढला जातो. या पद्धतीने तुम्हाला तोटाच दिसेल. पहिल्या प्रश्नातल्या वाचकाचा नफा याच रीतीने ५,१९० डॉलर, म्हणजे ४,५४,१२५ रुपये येईल आणि कर ५,५७७ रुपयांनी कमी होईल.

आम्ही पहिली पद्धत का सुचवतो? आरएसयू आणि ईएसपीपीची खरेदी किंमत कायद्यानेच पर्क्विझिटशी बांधली आहे, आणि ते पर्क्विझिट रुपयांत आकारलेले असते. स्वतः पैसे पाठवून घेतलेल्या शेअरांत बँकेतून रुपयेच गेलेले असतात. चलनातल्या चढउताराचा परिणाम काढून टाकण्याची जी सोय कलम ४८ मध्ये आहे, ती अनिवासी व्यक्तीने विकलेल्या भारतीय कंपनीच्या शेअरांसाठी आहे. निवासी माणसाला ती नाही. चौकशी झालीच तर रुपया-रुपयाचा हिशेब समोर ठेवणे सोपे जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे सोयीप्रमाणे पद्धत बदलणे : नफा असेल तेव्हा दुसरी, तोटा मोठा दिसेल तेव्हा पहिली. एक धरा आणि दरवर्षी तीच ठेवा.

प्रश्न : १२ मार्च २०२४ रोजी एनव्हिडियाचे १० शेअर घेतले. नंतर त्यांचे १०० झाले. फेब्रुवारी २०२६ मध्ये ४० विकले, उरलेले मार्चअखेर. ॲपमधून काढलेल्या एका तक्त्यात मोठा तोटा दिसतो. (नाशिक)

तो तोटा खोटा आहे. एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये एकाचे दहा असे विभाजन केले आणि १० जूनपासून नव्या भावाने व्यवहार सुरू झाले. तुमच्या तक्त्यात विक्री विभाजनानंतरच्या भावाने आणि खरेदी आधीच्या भावाने आली आहे. खरेदी ९०० डॉलरला समजू. आता प्रत्येक शेअरची किंमत ९० डॉलर, १०० शेअरची एकूण ९,००० च. रुपयांतली एकूण खरेदीही तीच राहते, फक्त १०० ने भागायची. अल्फाबेट आणि ॲमेझॉन या दोघांनी २०२२ मध्ये एकाचे वीस केले. त्यांचे जुने शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही तक्ता तपासावा.

विभाजनाने खरेदीची तारीख बदलत नाही. तुमचे २४ महिने १२ मार्च २०२४ पासूनच. म्हणून फेब्रुवारीत विकलेले ४० अल्पकालीन, स्लॅबच्या दराने. मार्चअखेर विकलेले ६० दीर्घकालीन, १२.५ टक्क्यांनी. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्या थोड्या आठवड्यांनी लाखभर नफ्यामागे १८,२०० रुपयांचा फरक पडतो. विक्रीचे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक लॉटची (एका वेळी घेतलेल्या शेअरांची) तारीख पाहावी ती यासाठी.

वेगवेगळ्या दिवशी थोडे थोडे घेतले असतील, तर कोणता लॉट विकला ते ब्रोकरच्या विक्रीच्या कागदावर असते. आपल्या हिशेबातही तोच धरा. नसेल तर आधी घेतलेले आधी विकले असे माना.

दहा लाखांहून जास्त रक्कम परदेशी पाठवताना बँकेने कापलेला २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केलेला कर) खरेदी किमतीत मिळवायचा नसतो. तो तुमच्या नावावर जमा असलेला कर आहे, विवरणपत्रात वळता करून घ्या.

प्रश्न : अमेरिकी ब्रोकर विक्रीवर कर कापतच नाही. मग कर कधी भरायचा? परदेशी शेअरातला तोटा इथल्या शेअरांच्या नफ्यातून वजा होतो का? (ठाणे)

निवासी भारतीयाच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर अमेरिका साधारणतः कर घेत नाही आणि इथेही टीडीएस नसतो. त्यामुळे सगळा कर तुम्हीच भरायचा. वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. नफा आधी ठाऊक नसतो हे कायद्याने मानले आहे : विक्रीनंतर येणाऱ्या हप्त्यांत, आणि १५ मार्चनंतर विक्री झाली तर ३१ मार्चपर्यंत भरलात, तर हप्ता चुकल्याचे कलम २३४सी चे व्याज लागत नाही. विवरणपत्र भरताना एकदम देऊ म्हणून थांबलात तर एप्रिलपासून दरमहा एक टक्का कलम २३४बी चे व्याज चढू लागते.

तोटा वजा होतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. शेअर भारतीय की परदेशी याने फरक पडत नाही. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे.

प्रश्न : मी निवृत्त आहे. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कर शून्य, असे समजून चाललो होतो. खरे आहे का? (सातारा)

नव्या कररचनेत कलम ८७ए ची सवलत स्लॅबने लागणाऱ्या करावर मिळते. परदेशी शेअरांचा अल्पकालीन नफा स्लॅबमध्येच येतो, म्हणून त्याला ती मिळते. १२.५ टक्क्यांच्या दीर्घकालीन नफ्याला मिळत नाही. तुमचे इतर उत्पन्न ६ लाख आणि दीर्घकालीन नफा ३ लाख असेल, तर ६ लाखांवरचा कर माफ, पण नफ्यावर उपकरासह ३९,००० रुपये द्यावेच लागतील.

इतर उत्पन्न ४ लाखांहून कमी असेल तर मात्र करमुक्त मर्यादेचा उरलेला भाग नफ्यातून वजा होतो. इतर उत्पन्न अडीच लाख असल्यास ३ लाखांतले दीड लाख सुटतात आणि कर १९,५०० रुपये होतो.

प्रश्न : विवरणपत्रात हे सगळे कुठे दाखवायचे? लाभांशावर अमेरिकेने २५ टक्के कापले आहेत, ते परत मिळतात का? (डोंबिवली)

परदेशी शेअर असलेल्याला आयटीआर-१ चालत नाही. पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा. नफा तीन ठिकाणी लागतो : शेड्यूल सीजीमध्ये हिशेब, शेड्यूल एफएसआयमध्ये देशवार उत्पन्न आणि शेड्यूल एफएमध्ये मालमत्ता. परदेशी कर कापला गेला असेल तर शेड्यूल टीआरही.

शेड्यूल एफएमध्ये गोंधळ होतो तो वर्षाचा. नफा एप्रिल ते मार्चचा, पण शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबरचे. या विवरणपत्रात कॅलेंडर वर्ष २०२५ मागितले आहे. मार्च २०२६ मध्ये सगळे विकले असले, तरी ३१ डिसेंबर २०२५ ला ते तुमच्याकडे होते, म्हणून इथे शिल्लक दिसणार. ती विक्री शेड्यूल एफएमध्ये पुढच्या वर्षी येईल. प्रत्येक लॉटची सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वाधिक किंमत, वर्षअखेरची किंमत, मिळालेला लाभांश आणि विक्रीची रक्कम भरायची. शेअर तक्ता ए३ मध्ये, ब्रोकरकडचे खाते ए२ मध्ये. इथे दर त्या त्या दिवसाचा टीटी बायिंग रेट, महिनाअखेरचा नव्हे. व्हेस्ट न झालेले आरएसयू दाखवायचे नाहीत.

एक शेअरही विकला नाही, कर शून्य आहे, तरी हे शेड्यूल भरावेच लागते. न भरल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. माहिती देण्याची जबाबदारी मात्र तशीच आहे. परदेशातल्या खात्यांची माहिती आयकर विभागाला थेट मिळते, तेव्हा हे खाते कोणाला ठाऊक नाही असे समजू नका.

लाभांशाचे २५ टक्के परत मिळत नाहीत, इथल्या करातून वळते होतात. १०० डॉलर लाभांशातून ७५ हाती आले तरी उत्पन्न १०० च दाखवायचे. तुमचा दर उपकरासह ३१.२ टक्के असेल तर २५ ची वजावट आणि ६.२ भरणे. तुमचा दर २०.८ असेल तर वजावटही २०.८ पुरतीच, वरचे ४.२ गेले. ही वजावट मिळण्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. विवरणपत्राच्या आधी भरून टाका, सोबत फॉर्म १०४२-एस (अमेरिकेत कापलेल्या कराचा ब्रोकरकडून मिळणारा दाखला) जोडा. तो फॉर्म कॅलेंडर वर्षाचा असतो, म्हणून जानेवारी ते मार्चचे लाभांश मासिक स्टेटमेंटमधून वेगळे काढावे लागतील. ३० टक्के कापले गेले असतील तर ब्रोकरकडच्या डब्ल्यू-८बेन फॉर्मची (तुम्ही अमेरिकेबाहेरचे असल्याचे घोषणापत्र) मुदत संपली आहे का ते पाहा. करारानुसार २५ हून जास्त कापलेल्याची वजावट इथे मिळत नाही.

प्रश्न : बारा वर्षे न्यू जर्सीत राहून १५ जून २०२४ ला कायमचा परत आलो. तिथले शेअर आता विकू की थांबू? (बाणेर, पुणे)

तुमच्यासाठी वेळ महत्त्वाची आहे. परतल्यावर काही वर्षे 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो, लोक त्याला आरएनओआर म्हणतात. त्या काळात परदेशी शेअरांच्या नफ्यावर इथे कर नाही, शेड्यूल एफएही लागत नाही. अट एवढी की विक्रीचे पैसे आधी तिथल्या खात्यात जमा व्हावेत. थेट भारतातल्या खात्यात घेतले तर 'भारतात मिळालेले उत्पन्न' ठरण्याचा धोका आहे.

आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असाल तर हा दर्जा मिळतो. त्या हिशेबाने २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन वर्षे तुमची सुटतात. २०२६-२७ ला ही कसोटी बसत नाही, पण दुसरी आहे : आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस. परतल्यापासून मार्च २०२६ पर्यंत तुमचे ६५५ दिवस होतात. म्हणजे एप्रिल २०१९ पासून परतेपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७४ दिवसांच्या आत असतील तर तिसरे वर्षही मिळेल. पासपोर्टवरचे शिक्के काढून मोजा.

दर्जा संपला की जुन्या मूळ खरेदी किमतीवरूनच नफा मोजला जातो, परतल्या दिवसाचा भाव धरत नाहीत. म्हणून बरेच जण या काळात शेअर विकून पुन्हा घेतात : खरेदी किंमत वर येते, २४ महिने मात्र नव्याने सुरू होतात. ग्रीन कार्ड अजून असेल तर अमेरिका तुमच्याकडून कर घेईलच, ते आधी तपासा.

प्रश्न : या नफ्यातून घर घेतले तर कर वाचतो का? (पणजी)

नफा दीर्घकालीन असेल तर कलम ५४एफ खाली वाचतो. घर भारतात हवे. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत विकत घ्या, नाहीतर तीन वर्षांत बांधा. नफा नव्हे, विक्रीची पूर्ण निव्वळ रक्कम गुंतवावी लागते. निम्मी गुंतवलीत तर निम्माच नफा सुटतो. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकाहून जास्त घरे नसावीत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे घरात गेले नाहीत, तर उरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स अकाउंट योजनेत ठेवा, साध्या मुदत ठेवीत नको. कलम ५४ईसी चे रोखे शेअरांच्या नफ्याला चालत नाहीत, ते जमीन आणि इमारतीसाठीच आहेत.